‘नाव काय?’ ‘नाव काय?’

पोराच्या अपंगत्वाच्या दाखल्यासाठी डॉक्टरांच्या बोर्डासमोर जायचं होतं, त्या दिवशी सकाळी मी सिद्धेश्वराला हात जोडून काय मागितलं असेल, तर आज पोराला जरा दंगा करू दे. खरंच सांगतोय. बायकोला बोललो नाही, ती आत कडक भाकरीचे तुकडे डब्यात भरत होती. कुठला बाप असलं काही मागतो असं तुम्हाला वाटेल, मलाही वाटलं, पण का मागितलं ते सांगायचं तर मागं जावं लागतंय.

आमचा चिन्नू (हे घरातलं नाव, शाळेतलं लिहीत नाही) २०१८ च्या दिवाळीच्या तोंडावर झाला. त्याच्या आधीची मुलगी चार वर्षांनी मोठी, ती वर्षाच्या आत बोलून बोलून घर डोक्यावर घ्यायची, त्यामुळं पोरं कशी वाढतात ते आपल्याला सगळं माहितीय असा आमचा समज. हा पण दीड वर्षाचा होईपर्यंत ‘पप्पा’ म्हणायचा, टाटा करायचा. मग मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला, सगळेच घरात, आणि त्या चार-सहा महिन्यांत कधीतरी ते दोन्ही गेलं. नेमकं कधी ते आम्हा दोघांनाही सांगता येत नाही. हे लै दिवस मनाला लागून राहिलं होतं, की चोवीस तास घरात बसून होतो आणि आपल्या पोराचे शब्द कुठल्या दिवशी बंद झाले ते आपल्याला माहीत नाही.

कारणं मात्र सगळ्यांकडं तयार होती. शेजारी म्हणायचे लॉकडाऊनमुळं, माणसंच दिसेनात तर बोलणार कुणाशी. सासुरवाडीचे म्हणायचे मोबाईलमुळं. आमची अव्वा (माझी आई) म्हणायची, तुझे काका पाच वर्षांनी बोलले, आता गप्प बसत नाहीत. आणि सगळ्यात जास्त चाललेलं कारण म्हणजे भाषा. आमच्या घरात मी आणि अव्वा कन्नड बोलतो, बायको बार्शीची, ती मराठी, खाली घरमालकीण आक्का पद्मशाली, त्यांचं तेलुगू, आणि गल्लीत पोरांचं आपलं सोलापुरी हिंदी. सोलापुरात, त्यातून पूर्व भागात, हे काय नवीन नाही, इथं पानवाला पण तीन भाषेत उधारी मागतो. पण एका डॉक्टरांनी सांगितलं की एवढ्या भाषा कानावर पडल्या तर लेकरू गोंधळणारच, घरात एकच ठेवा. आम्ही ऐकलं. अव्वाला सांगितलं, त्याच्याशी कन्नड बोलायचं नाही. अव्वाची मराठी म्हणजे मंडईपुरती, भाव विचारायचा आणि घासाघीस करायची. त्यात नातवाशी लाडानं काय बोलणार, ती आठ-दहा महिने त्याच्यासमोर जवळजवळ मुकीच झाली. मांडीवर घेऊन नुसती थोपटत बसायची. त्या डॉक्टरांवर माझा राग नाही, माझ्यावरच आहे, कारण मी स्वतः मराठी, कन्नड, तेलुगू तिन्ही ऐकत मोठा झालोय, आणि तरी एकदाही मला प्रश्न पडला नाही की मग मी कसा बोलायला लागलो.

नावानं हाक मारली तर बघायचा नाही. टाळी वाजवली, भांडं आपटलं, काही नाही. पण कुकरची शिट्टी झाली की दोन्ही कानांवर हात आणि किंचाळणं, इतकं की आम्ही डाळ कुकरात लावायची बंद केली. मुलगीच एकदा जेवताना म्हणाली, पप्पा, त्याला कुकर ऐकू येतो, आपणच ऐकू येत नाही. सात वर्षांची पोरगी. आम्ही हसलो, आणि नंतर दोघंही रात्री जागे होतो.

दुसरा आवाज म्हणजे माग. आमच्या मागच्या गल्लीत चार-सहा यंत्रमाग आहेत, दिवसरात्र खटखट खटखट. पाहुण्यांना झोप लागत नाही आमच्याकडं. चिन्नूला त्याशिवाय झोप लागायची नाही. वीज गेली, माग थांबले की हा उठून बसायचा. रात्री कधी रडायला लागला की मी गाडीवर पुढं बसवून मागांच्या शेडपाशी नेऊन उभा करायचो, दहा मिनिटांत खांद्यावर मान.

कानाच्या डॉक्टरांनी बेरा टेस्ट सांगितली. ज्यांच्यावर ही वेळ आली नाही त्यांना सांगतो, ही तपासणी झोपेत करतात, डोक्याला वायरी चिकटवून कानात आवाज सोडतात आणि मेंदूपर्यंत तो पोचतो का बघतात, म्हणजे पोरानं काही सांगायची गरज नसते. अट एवढीच की पोरगं गाढ झोपलं पाहिजे. रात्री उशिरा झोपवा, पहाटे लवकर उठवा, येताना वाटेत झोपू देऊ नका. आम्ही पहाटे तीनला उठवला. तीन ते नऊ आम्ही तिघांनी आळीपाळीनं त्याला घरात, जिन्यात, गल्लीत फिरवला, रिक्षात बायको त्याच्या तळपायाला गुदगुल्या करत होती, रिक्षावाला आरशातून बघत होता की हे काय चाललंय. तिथं गेल्यावर झोपेचं औषध दिलं, ते त्यानं माझ्या शर्टावर ओकलं. परत दिलं. एक तास झाला, डोळे लाल पण झोप नाही. ती खोली आवाज येऊ नये अशी बांधलेली, एकदम शांत, आणि आमचं पोरगं शांततेत झोपत नाही. तेव्हा मला सुचलं. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेबाला आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. फोन करून एका कामगाराला म्हणलं, मागाचा आवाज रेकॉर्ड करून पाठव, लगेच, का ते विचारू नको. त्यानं चार मिनिटांचं पाठवलं. फोन उशीशी ठेवला आणि हा झोपला. तिथल्या मॅडम म्हणाल्या, एवढ्या वर्षांत असलं पहिल्यांदा बघितलं.

रिपोर्ट आला, कान एकदम व्यवस्थित. घरी आनंदीआनंद, अव्वानं साखर वाटली. बायको रात्री भांडी घासताना म्हणाली, अहो, कान चांगलेत म्हणजे मग दुसरं काहीतरी आहे ना. मी म्हणलं, तू कायम वाईटच विचार करतीस. मला कळलं होतं ती काय म्हणतेय ते. मुद्दाम तिच्यावर ओरडलो.

पुण्याला मुलांच्या वाढ-विकासाच्या डॉक्टरांकडं जायला अजून काही महिने गेले, तेही माझ्यामुळंच. २०२२ मध्ये एकदाचं जमवलं, पहाटे हुतात्मा एक्सप्रेस पकडली, पिशवीत कडक भाकरी, कारण तेव्हा तो त्याशिवाय काहीच खायचा नाही. भात नको, पोळी नको, मऊ काहीही तोंडात गेलं की उलटी. कडक भाकरी कुडुमकुडुम, तीही कोरडी. गाडीत लोक म्हणायचे, अरे लेकराला त्याच्यासोबत चटणी-दही द्या की. आम्ही नुसते हसायचो, किती जणांना सांगणार.

डॉक्टर बाईंनी दीड-दोन तास घेतले. ठोकळे, बाहुली, साबणाचे फुगे. आम्हाला प्रश्न: बोट दाखवून वस्तू मागतो का? एखादी गोष्ट आवडली तर तुम्हाला दाखवायला आणतो का? खेळण्यातली गाडी चालवतो की नुसती चाकं फिरवतो? प्रत्येक प्रश्नाला बायको ‘नाही’ म्हणत होती आणि मी ‘कधीकधी’ म्हणत होतो. शेवटी बाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, शेवटचं कधी बघितलं? मला एकही उदाहरण देता आलं नाही. ऑटिझम स्पेक्ट्रम, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, बरा व्हायला किती दिवस लागतील. त्या म्हणाल्या, हा ताप नाही उतरायला, त्याच्या मेंदूची घडणच तशी आहे, पण काय हवं नको ते सांगायला आपण त्याला शिकवू शकतो, आणि ते आजपासून. बोलेल का? ते आज सांगता येणार नाही. मग निघताना घरातल्या भाषांचा विषय निघाला तेव्हा त्या चक्क हसल्या. चार भाषा असल्यानं कुणाला ऑटिझम होत नाही, आज घरी गेल्यावर आधी आजीला सांगा, पाहिजे त्या भाषेत बोला.

परतीच्या गाडीत आम्ही दोघं बोललो नाही. कुर्डुवाडी आलं तसं बायको म्हणाली, पोटात असताना मी लै टेन्शन घेतलं होतं, त्यानं झालं असेल का? मी ‘नाही’ एवढा एक शब्द बोलायला पाहिजे होता. त्याऐवजी मोबाईलवर ‘ऑटिझम पूर्ण बरा होतो का’ शोधत बसलो होतो, आणि तिचा प्रश्न तसाच राहिला. आता तीन वर्षं झाली, मी शंभरदा ‘नाही’ म्हणलो असेन, पण तेव्हा म्हणलो नाही ते तिच्या लक्षात आहे. घरी पोचलो तेव्हा अव्वा जागीच होती. मी म्हणलं, अव्वा, कन्नड बोल त्याच्याशी. तिनं काय झालं, डॉक्टर काय म्हणाले काही विचारलं नाही, झोपलेल्या पोराला माझ्या खांद्यावरनं काढून घेतलं आणि कानाशी लागून बोलत बसली, किती वेळ ते माहीत नाही, मी झोपलो.

मग थेरपी. आठवड्यातनं तीन दिवस, एक ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं करायला शिकवतात ती), दोन स्पीच (बोलण्याची), पंचेचाळीस मिनिटांचे पाचशे रुपये. महिन्याला सहा हजार, प्लस रिक्षा, प्लस डायपर (पाच वर्षांच्या पोराचे डायपर किती महाग असतात हे कुणाला सांगितलं तर विषयच बदलतात). बायको खासगी शाळेत शिकवत होती, नऊ हजारावर, ती सोडली. सोडायचं का यावर आमची चर्चा झालीच नाही, कोण सोडणार हे ठरलेलंच होतं, आणि हे मी आत्ता लिहिताना मला जरा लाज वाटतेय. ऑफिसात मी वर्षभर ‘पोराच्या कानाचं जरा चाललंय’ एवढंच सांगत होतो.

थेरपीच्या ताईंनी पहिल्याच दिवशी एक सांगितलं, दोनशे पानी वही घ्या आणि नवीन जे जे करेल ते तारीख टाकून लिहा, एवढंसं असलं तरी. ती वही बायकोची. ‘आज पेल्याकडं बघून माझ्याकडं बघितलं.’ ‘आज चप्पल स्वतः काढली.’ ‘ताईच्या वाढदिवसाला फुगा फुटला, रडला पण खोलीतनं पळाला नाही.’ बोट दाखवायला शिकायला सात महिने गेले. आपल्याकडं बोट दाखवू नये म्हणतात, आम्ही ते बोट धरून रोज पन्नासदा खिडकीकडं, पंख्याकडं, भाकरीच्या डब्याकडं न्यायचो. घरातल्याच वस्तूंचे फोटो काढून, प्रिंट मारून, लॅमिनेट करून भिंतीला लावले. आपला पेला, आपली भाकरी, आपला संडास. छापील पुस्तकातला काचेचा ग्लास दाखवला तर त्याला कळायचा नाही, कारण आमच्याकडं स्टीलचा आहे.

आणि पहिला शब्द, म्हणजे उगाच टीव्हीतलं म्हणणं नव्हे, समोरच्या माणसाला उद्देशून म्हणलेला पहिला शब्द, अव्वा भात भरवायला गेली तेव्हा आला. ‘ब्याड.’ म्हणजे नको. आमच्या कन्नडमध्ये. अव्वाच्या हातात घास तसाच. पोरगं ‘नको’ म्हणालं म्हणून घरात सगळे रडतायत असं दृश्य होतं. वहीत बायकोनं मोठ्या अक्षरात ‘ब्याड’ लिहून चौकोन काढलाय.

त्या जानेवारीत मात्र माझ्याकडनं चूक झाली. गड्डा यात्रा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. मी लहानपणापासून नंदीध्वजाची मिरवणूक चुकवलेली नाही, बापाच्या खांद्यावर बसून संमती कट्ट्यावरच्या अक्षता बघितल्यात, मला वाटलं माझ्या पोरानं पण खांद्यावरनं बघावं. बायको नको म्हणत होती. मी म्हणलं, किती दिवस घरात कोंडायचं. गर्दीत ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’चा गजर झाला आणि शेजारचा हलगीवाला सुरू झाला, त्यानं माझ्या डोक्याला चावा घेतला. खरोखर चावा, रक्त आलं. खाली उतरवला तर रस्त्यावर आडवा पडून डोकं आपटायला लागला. लोकांनी गोल केला. एक जण म्हणाला, लाडावलंय, दोन वाजवा. एक बाई म्हणाली, अंगात आलंय. मी त्याच्यावर आडवा पडलो, दुसरं काय करावं सुचेना, आणि तिथं एका पोलिसानं बाजू मोकळी करून आम्हाला गल्लीत काढलं. कोण होता माहीत नाही. घरी आल्यावर बायको काही बोलली नाही, माझ्या डोक्याला हळद लावली. होम मैदानावरच्या दारूकामाच्या रात्री आम्ही आता पाहुण्यांच्या शेतावर जातो. गंमत बघा, त्यानंतर दोन महिने हा घरात झोका घेताना मधेच ‘हर्र बोला हर्र’ म्हणायचा, अगदी सुरात.

आता अपंगत्वाचं सर्टिफिकेट. ते काढायला मीच टाळाटाळ करत होतो. सगळे म्हणायचे काढा, युडीआयडी कार्ड (अपंगांचं सरकारी ओळखपत्र) काढा, सगळीकडं लागतं. माझं म्हणणं, आज ना उद्या सुधारेल, कागदावर कशाला शिक्का. विचित्र म्हणजे फॅक्टरीतल्या दोघातिघांचे इन्कम टॅक्सचे रिटर्न मीच भरत आलोय, त्यात घरात अपंग माणूस असेल तर मिळणारी ८०डीडी कलमाची वजावट मीच टाकत आलोय, आणि इतकी वर्षं तो माझ्यासाठी नुसता एक रकाना होता. त्या रकान्यात कुणाचं तरी लेकरू आहे हे डोक्यात आलंच नव्हतं. शेवटी कायदा वाचायला बसलो. १९९५ च्या कायद्यात ऑटिझम नव्हताच, सात प्रकार होते फक्त. २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले आणि त्यात आला. म्हणजे आपल्या आधीच्या पिढीतल्या असल्या पोरांना ‘येडं’ याशिवाय दुसरा कागद नव्हता. आमच्या गावाकडं असा एक माणूस होता, देवळाच्या पायरीवर बसून दिवसभर दोरी फिरवायचा. त्याची आठवण आली आणि त्या रात्री मी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर सर्टिफिकेटचा फॉर्म भरला.

भरला म्हणजे, पासपोर्ट फोटोलाच दोन दिवस गेले. चिन्नू कॅमेऱ्याकडं बघत नाही. शेवटी फोटोवाल्याच्या मागं मी उभा राहून भाकरी मोडली, कुडुम आवाज झाला तसं एका क्षणासाठी बघितलं, तो फोटो.

पहिल्यांदा गेलो ती फेरी वाया. दवाखान्याचं नाव घेत नाही, तिथली माणसं पण वैतागलेलीच होती, एक डॉक्टर रजेवर आणि दुपारनंतर साईट बंद. पाच तास बाकड्यावर. शेजारी मंगळवेढ्याकडनं आलेली एक बाई, आठ-नऊ वर्षांची मुलगी मांडीवर, सेरेब्रल पाल्सी (मेंदूमुळं हातापायांवर ताबा नसतो), तिला घेऊन पहाटेच निघालेली. तिची ही तिसरी फेरी. बायको कौतुकानं तिला सांगत होती, आमचा आता बोट दाखवतो, ब्याड म्हणतो. ती बाई हळूच म्हणाली, ताई, आत गेल्यावर लेकराचं कौतुक नका करू. टक्के पडतात.

हे डोक्यात बसलं. सवलतींसाठी अपंगत्व निदान चाळीस टक्के पाहिजे. चाळीसच्या खाली गेलं तर कागद मिळतो पण बहुतेक कुठल्याच सवलतीला चालत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीच्या सकाळी ते हात जोडणं.

आणि त्या दिवशी आमचे चिन्नूसाहेब काय वागले म्हणता! रिक्षात शांत. रांगेत शांत, पंख्याकडं बघत बसले. मानसशास्त्रज्ञ मॅडमकडं आधी प्रश्नावली, इसा म्हणतात तिला, भारतातल्या मुलांसाठी केलेली, चाळीस प्रश्न, आणि प्रत्येकाला क्वचित ते कायम अशी पाच उत्तरं. नजर टाळतो? एकटाच रमतो? तेच तेच शब्द परत म्हणतो? वेदना झाली तर कळते? चाळीस वेळा. घरी आम्ही वर्षभर वहीत काय आलं ते लिहीत होतो आणि इथं काय येत नाही ते एकेक करून सांगायचं, तेही त्याच्यासमोर. तो ऐकत होता की नाही माहीत नाही. ऐकत असेल तर? आमच्या तोंडून स्वतःबद्दल एवढं वाईट याआधी त्याच्या कानावर कधी पडलं नसेल. बायकोची वही पिशवीत होती, तिनं चेन लावून पिशवी पायाखाली सरकवली, ते मला दिसलं.

मग बोर्डासमोर. टेबलापलीकडं तिघं. मधल्या डॉक्टर बाई वाकून एकदम गोड आवाजात म्हणाल्या, बाळा, नाव काय?

चिन्नूनं त्यांच्याकडं बघितलं. डोळ्यात. असं तो महिन्यातनं एकदा बघतो. आणि स्पष्ट, नीट म्हणाला, ‘नाव काय?’

माझ्या अंगावर काटा आला. दोन शब्द! जोडून! परक्या माणसाला! मी बायकोकडं बघितलं, तिच्या डोळ्यात पाणी, आणि त्याच क्षणी पोटात गोळा, गेलं, आता हे म्हणणार पोरगं बोलतंय की. डॉक्टर बाईंनी परत विचारलं, नाव काय तुझं? हा म्हणाला, ‘नाव काय तुझं?’ तीन शब्द. बाईंनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी टिक केलं. विचारलेलंच परत म्हणणं, हे त्यांच्या यादीतलं लक्षण. थेरपीच्या ताई पण म्हणतात ना, इकोलालिया. मला माहीत होतं तो शब्द. पण त्या खोलीत मला खरंच कळेना की आता खूष व्हायचं का घाबरायचं. त्यांच्या कागदावर ते अपंगत्वात जमा झालं, आणि बाहेर आल्या आल्या बाकड्यावर बसून बायकोनं वही काढली आणि तारीख टाकून तेच लिहिलं, ‘नाव काय, नाव काय तुझं. नजर दिली.’ हिशेबातला माणूस आहे मी, एकच रक्कम दोन्ही बाजूंना लागलेली रोज बघतो, पण हे बघून हात कापत होते.

पन्नास टक्के मिळाले. फोनवर मेसेज आला तेव्हा मी ऑफिसात होतो आणि मी शेजारच्याला म्हणलं, आलं, पन्नास आलं! तो म्हणला, कशात? दहावीला आहे का पोरगं? तेव्हा पहिल्यांदा ऑफिसात सगळं सांगितलं. सगळं ऐकून तो म्हणाला, माझ्या बहिणीचा मुलगा पण. तीन वर्षं आम्ही शेजारी शेजारी टेबलावर बसून दोघंही गप्प होतो.

कार्ड पोस्टानं आलं, पिवळ्या पट्टीचं. चाळीस ते ऐंशीच्या मधल्यांना पिवळी. सर्टिफिकेट तात्पुरतं आहे, २०२८ ला परत बोर्ड, परत चाळीस प्रश्न. ज्यांना उपयोगी पडेल त्यांच्यासाठी, आम्हाला कार्डाचा काय काय उपयोग झाला ते सांगतो. एसटीला तिकिटात ७५ टक्के सूट, बार्शीला जाताना लागतेच. निरामय म्हणून केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच, आणि त्याला आधी मेडिकल तपासणी लागत नाही, थेरपीचे पण थोडे पैसे त्यात निघतात, बिलं नीट जपून ठेवा. आणि तो अठराचा झाल्यावर कायद्यानं आम्ही आपोआप पालक राहत नाही, कलेक्टरच्या समितीकडनं रीतसर पालकत्व घ्यावं लागतं, हे मला कळलं त्या रात्री मी नुसता वय मोजत होतो, तो अठरा तेव्हा मी बावन्न, तो चाळीस तेव्हा मी चौऱ्याहत्तर. ते पुढचं गणित मी करत नाही. बायको करते, तिनं मुलीला कधी काही बोलून दाखवलं नाही, पण मुलगीच परवा म्हणाली, मी पुण्याला कॉलेजला गेले तर चिन्नूला पण न्यायचं का? अकरा वर्षांची आहे. तिला म्हणलं, तू आधी सातवीत जा.

शाळेचं थोडक्यात. एका मोठ्या इंग्लिश मीडियमनं फी भरून घ्यायच्या आदल्या दिवशी फोन करून सांगितलं की दुसरे पालक तक्रार करतील. दुसरीनं एक वर्ष ठेवला, म्हणजे वर्गाच्या बाहेर मावशींजवळ ठेवला. आता घराजवळच्या साध्या मराठी शाळेत आहे, बेंचला खटखट करत बसतो, तिथल्या बाईंनी त्याला फळा पुसायचं काम दिलंय, ते तो इतकं मन लावून करतो की फळ्याचा रंग जायला लागलाय असं त्या म्हणतात. कायद्यात आहे, सहा ते अठरा वर्षं मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत नाहीतर विशेष शाळेत, पण कायदा दाखवून मिळवलेली जागा आणि बाईंनी स्वतःहून दिलेलं डस्टर यात फरक पडतो, मला तरी पडला.

बोलणं अजून फार नाही. बारा-पंधरा शब्द, निम्मे कन्नड. भात अजून ब्याडच. केस अजून तो झोपल्यावरच मी कापतो, एका रात्री डावी बाजू, दुसऱ्या रात्री उजवी. बायकोनं दुपारच्या दोन शिकवण्या सुरू केल्यात, त्या वेळात अव्वा आणि तो. तिसरी वही चालू आहे.

आमच्याकडं नळाला पाणी चार-पाच दिवसाआड येतं, आणि कधी येईल ते नक्की नाही, बहुतेक रात्रीच. आधी नळात हवा येते, बारीक सूं सूं, आपल्याला मागाच्या आवाजात ऐकू येत नाही. त्याला येते. उठतो आणि अव्वाला हलवून म्हणतो, ‘नीर.’ पाणी. पंधरा मिनिटांत खरंच पाणी. आता गल्लीत सगळ्यांना माहीत झालंय. परवा रात्री अडीचला आमच्या घरातला दिवा लागला तशी खालनं आक्कांची हाक आली, ‘चिन्नू, नीळ्ळु वच्चाया?’ पाणी आलं का रे. तो खिडकीशी गेला आणि खाली बघून म्हणाला, ‘नीर.’ मग गल्लीतल्या मोटारी एकेक करून सुरू झाल्या.